दगडाचा वेग मोजायचाय? रॉक फिजिक्स लॅबमध्ये नवीन आलेल्यांसाठी

दर जूनमध्ये आमच्या लॅबमध्ये दोन-तीन नवीन मुलं येतात, कोणी एमएस्सीच्या डिझर्टेशनला, कोणी पीएचडीला, आणि पहिल्याच आठवड्यात सगळे विचारतात, ताई, अल्ट्रासॉनिक मशीन कधी हातात मिळणार? मिळेल की. (दगडाचा वेग म्हणजे दगडातून जाणाऱ्या लाटेचा वेग, तो या मशीनने मोजतात.) पण मशीन हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, पल्स सोडला, स्क्रीनवर लाट आली, वेळ वाचला, दोन मिनिटांत झालं. खरं काम असतं त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांचं. बडोद्यात या कामात सात वर्षं गेली माझी आणि आता एक गोष्ट छातीठोकपणे सांगते, दगडाचा आकडा असा एक नसतोच. कोरडा असताना वेगळा, ओला असताना वेगळा, दाबाखाली वेगळा, मे महिन्यात वेगळा आणि जुलैत वेगळा. त्यामुळे आकड्याच्या शेजारी दगड तेव्हा कुठल्या अवस्थेत होता हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही. दरवर्षी हे तोंडी सांगते, यंदा सगळं एकदा लिहूनच टाकते.

आधी हे करतो कशाला ते. आपण राहतो ते बडोदा खंबात बेसिनच्या कडेला आहे. १९५८ मध्ये खंबातजवळ लुणेजला तेल-वायू लागला, १९६० मध्ये अंकलेश्वर, आणि तेव्हापासून या भागात सिस्मिक सर्व्हे, म्हणजे जमिनीत लाटा सोडून खालचे थर शोधणं, चालूच आहेत. सिस्मिकवाल्यांना जमिनीखालून काय मिळतं तर लाटा परत यायला लागलेला वेळ आणि त्यांची ताकद. त्यावरून खाली वाळूचा दगड आहे की चिकणमातीचा, त्याच्या छिद्रांत पाणी आहे की तेल की गॅस, हे ओळखायचं असेल तर कुणीतरी आधी हातात दगड घेऊन बघितलेलं पाहिजे की अशा दगडातून लाट किती वेगाने जाते आणि छिद्रांत काय भरलं की तो वेग किती बदलतो. ते कुणीतरी म्हणजे आपण.

आता दगड. खोल विहिरीतला कोअर, म्हणजे ड्रिल करून वर काढलेला दगडाचा दंडगोल, सहज हातात पडत नाही, आणि पडला तरी शिकताना त्याच्यावर हात साफ करायचा नाही. सुरुवात आपल्या आसपासच्या दगडावर करा. छोटा उदेपूर जिल्ह्यात सोनगीरकडे क्रिटेशियस काळातला वालुकाश्म आहे, इमारतींना वापरतात तो, शिकायला एकदम मस्त, कण डोळ्यांना दिसतात आणि छिद्रं भरपूर. बेसाल्ट हवा असेल तर पावागढच्या बाजूला डेक्कन ट्रॅप आहेच, वरच्या भागात रायोलाइटसुद्धा आहे. फक्त चांपानेर-पावागढचा परिसर २००४ पासून वर्ल्ड हेरिटेजमध्ये आहे, तिथे हातोडा काढायचा नाही, लांबच्या खाणीत मालकाला विचारून घ्या. खाणवाले प्रेमाने देतात, चहाही पाजतात.

उचलताना एक काम तिथल्या तिथे करायचं. ब्लॉक जमिनीत होता तसाच ठेवून त्याच्यावर वरची दिशा बाणाने मार्क करा आणि थर कुठल्या बाजूने जातात ती रेघ मारा, पेंटने, स्केचपेनने नाही, स्केचपेन पहिल्या पाण्यात जातो. थराच्या समांतर जाणारी लाट आणि थराला आडवी जाणारी लाट यांच्या वेगात फरक असतो, चिकणमातीच्या थरांच्या दगडात तर चांगलाच असतो, आणि लॅबमध्ये आल्यावर तो ब्लॉक चारी बाजूंनी सारखाच दिसतो. मग बसा डोकं खाजवत. ब्लॉक ताजा हवा, बाहेरची लाल-पिवळी पडलेली साल काढून आतला. हातोड्याने वाजवून बघा, खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत भेग आहे.

कापायच्या आधी धुळीबद्दल, आणि हे मी मनापासून सांगतेय. वालुकाश्म म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. आपल्याला लांब जायला नको, खंबातला अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या घराघरात हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. म्हणून कटिंग, ड्रिलिंग, पॉलिशिंग सगळं पाणी चालू ठेवून, तोंडाला एन-९५ लावून, आणि खाली पडलेला चिखल सुकायच्या आत पुसून घ्यायचा. सुकला की पुन्हा धूळच. कोरडा दगड ग्राइंडरवर "फक्त एक मिनिट" धरायचा नाही, मी बघितलं तर त्या दिवसाचं काम बंद करते.

कोअरिंगला, म्हणजे ब्लॉकमधून दंडगोल तुकडा (प्लग) काढायला, डायमंड बिट, ड्रिल प्रेस, आणि आमच्याकडे साईज दीड इंच म्हणजे ३८.१ मिमी व्यासाची, काही लोक एक इंचाचे प्लगही काढतात. घाई करून बिट दाबायचा नाही, बिटला स्वतःच्या वजनाने उतरू द्या, दाबलात तर प्लगच्या अंगावर गोल-गोल खाचा पडतात आणि पुढे प्रेशर सेलमध्ये (दगडावर जमिनीखालच्यासारखा दाब देणारं भांडं) त्याच खाचांमधून प्लगवर चढवलेली रबराची स्लीव्ह फाटते. दगडात फुगणारी चिकणमाती असेल तर साध्या पाण्याने कोअरिंग केल्यावर प्लग हातात तुकड्या-तुकड्यांनी येतो, अशा दगडाला मिठाचं पाणी नाहीतर पातळ तेल वापरतात.

प्लगची दोन्ही तोंडं एकदम सपाट आणि एकमेकांना समांतर पाहिजेत. मी धरते ५० मिमी लांबीवर ०.०५ मिमीच्या आत. हाताने एमरी पेपरवर घासून हे होत नाही, कितीही वाटलं तरी, हात नकळत एका बाजूला भार देतोच. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) सरफेस ग्राइंडरवाले आहेत, त्यांना व्ही-ब्लॉकमध्ये प्लग धरून करायला सांगा, आधी नीट समजावून सांगा की हा लोखंडाचा नाही, दगड आहे, कट बारीक घ्या आणि कूलंट म्हणून साधं पाणीच वापरा, त्यांचं तेलकट पाणी नको. मग लांबी व्हर्नियरने चार ठिकाणी घ्या, ९०-९० अंशांवर, व्यास तीन ठिकाणी, आणि सरासरीबरोबर चारही आकडे लिहा.

आता येतं सुकवणं, इथे सगळ्यात जास्त लोक घाई करतात. ओव्हनमध्ये १०५ अंशावर २४ तास, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं आणि स्वच्छ वालुकाश्माला ते चालतं. पण दगडात चिकणमाती असेल, जिप्सम असेल, तर १०५ ला त्यांच्या अंगातलंच पाणी निघून जायला लागतं आणि तुम्ही दगड सुकवत नाही, बदलून टाकता. तिथे ६० अंशावर ठेवा आणि दिवस जास्त द्या. किती दिवस? वजन सांगेल. सकाळी वजन, संध्याकाळी वजन, लागोपाठ दोन वजनांत ०.१ टक्क्याहून कमी फरक आला की झाला कोरडा. ओव्हनमधून काढलेला गरम प्लग तसाच काट्यावर ठेवायचा नाही, गरम हवा वर जाते आणि वजन कमी दाखवतं. आधी डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारी जेल ठेवलेल्या बंद डब्यात, गार होऊ द्या. आणि डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर तो डेसिकेटर नुसता काचेचा डबा आहे, जेल ओव्हनमध्ये भाजून परत निळी करून घ्या.

जुलैचं सांगते. पहिल्या वर्षी मी मे महिन्यात सोनगीरच्या एका प्लगचा वेग मोजला होता, बाहेर बेचाळीस डिग्री, हवा खडखडीत कोरडी. गाइडनी जुलैत परत मोजायला सांगितलं, विश्वामित्री नदी दुथडी भरलेली, लॅबच्या भिंतींना ओल, प्लग आठवडाभर टेबलावर उघडाच पडलेला. वेग सेकंदाला शंभर मीटरहून जास्त कमी आला. मी तीन दिवस मशीन उघडून बघत होते, केबल बदलल्या, ट्रान्सड्यूसर (लाट सोडणारे आणि पकडणारे भाग) बदलले, प्रत्येक वेळी तोच आकडा. शेवटी आमचे लॅबवाले काका, जे तीस वर्षं तिथे होते, ते म्हणाले, "बेन, पापड पण पावसाळ्यात मऊ पडतो ना?" प्लग सुकवला, डेसिकेटरमध्ये गार केला, मोजला, मे महिन्याचा आकडा परत आला. हवेतल्या ओलाव्याचा अगदी पातळ थर कणा-कणाच्या सांध्यात जाऊन बसतो आणि सांधे ढिले पडतात, भिजवायचीही गरज नसते. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक मोजमापाच्या शेजारी खोलीचं तापमान, हवेतली आर्द्रता आणि ओव्हनमधून काढून किती वेळ झाला, या तीन गोष्टी असतातच. अडीचशे रुपयांचं हायग्रोमीटर दांडिया बाजारातून आणून भिंतीला लावलंय, तुम्हीही लावा.

पोरोसिटी, म्हणजे दगडात पोकळी किती टक्के. हीलियम पोरोसिमीटर असेल तर बॉइलच्या नियमावर पंधरा मिनिटांत होतं, हीलियमचा अणू बारीक असल्यामुळे लहान छिद्रांतही शिरतो. नसेल तर पाण्याने करा, ते मला शिकायला जास्त आवडतं. कोरड्या प्लगचं वजन घ्या, व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा, पंपाने आतली हवा काढा, चार-सहा तास तरी, आणि मग व्हॅक्यूम न सोडता हळूहळू पाणी आत घ्या. पाणी आधी उकळून गार केलेलं, म्हणजे त्यात विरघळलेली हवा नको. पाणी वर आलं की बुडबुडे निघताना दिसतात, ते थांबेपर्यंत थांबा, रात्रभर राहू द्या. मग प्लग ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून वजन करा. ओल्याच फडक्याने बरं का, कोरडं फडकं किंवा टिश्यू पेपर तोंडावरच्या छिद्रांतलं पाणीच ओढून घेतो.

समजायला सोपे आकडे धरू. व्यास ३.८१ सेमी, लांबी ५.०० सेमी, म्हणजे आकारमान ५७.० घनसेमी. कोरडं वजन १२३.९ ग्रॅम, भिजलेलं १३४.२ ग्रॅम. फरक १०.३ ग्रॅम, म्हणजे तेवढेच घनसेमी पाणी आत गेलं. १०.३ भागिले ५७.० म्हणजे पोरोसिटी १८ टक्के. इथे थांबू नका, लगेच एक हिशोब तपासा. दगडाचा भरीव भाग ५७.० वजा १०.३ म्हणजे ४६.७ घनसेमी, त्याने कोरड्या वजनाला भागा, २.६५ येतं. क्वार्ट्झची घनता २.६५ आहे, म्हणजे जमलं. हाच आकडा २.५ आला असता तर एकतर दगड नीट भिजला नाही आणि काही छिद्रं कोरडी राहिली, किंवा त्यात क्वार्ट्झशिवाय हलकं काहीतरी आहे. चुनखडी असेल तर २.७१ च्या आसपास आणि डोलोमाइट असेल तर २.८७ च्या आसपास यायला हवं. हा छोटासा हिशोब तुमची किती चुकीची पोरोसिटी पकडून देतो ते महिनाभरात कळेलच.

आता एकदाचं मशीन. एका ट्रान्सड्यूसरमध्ये विजेचा झटका दिला की त्यातलं पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिक थरथरतं, ती थरथर दगडातून पलीकडे जाते, पलीकडचा ट्रान्सड्यूसर तिचं परत विजेत रूपांतर करतो, आपण ऑसिलोस्कोपवर मधला वेळ वाचतो. लांबी भागिले वेळ म्हणजे वेग. एवढंच? एवढंच, पण यात चार ठिकाणी माणूस घसरतो.

पहिलं, डेड टाइम. केबल, इलेक्ट्रॉनिक्स आणि ट्रान्सड्यूसरच्या धातूच्या टोप्या यांतून जायलाही वेळ लागतो, तो दगडाचा नाही. दोन्ही ट्रान्सड्यूसर समोरासमोर चिकटवून तो मोजा आणि वजा करा. वरच्याच प्लगचं घ्या, वाचलेला वेळ १६.९ मायक्रोसेकंद, डेड टाइम १.९, तर खरा वेळ १५.० आणि वेग सेकंदाला ३.३३ किमी. वजा करायला विसरलात तर २.९६ किमी, म्हणजे एक अक्खा वेगळाच दगड. मी समोरासमोरच्या मापावर एकट्यावर विसंबत नाही, ॲल्युमिनियमचे तीन वेगवेगळ्या लांबीचे दांडे ठेवलेत, तिन्हींचा वेळ मोजायचा, लांबी विरुद्ध वेळ ग्राफ काढायचा, सरळ रेघ शून्य लांबीला जिथे कापते तो डेड टाइम. शिवाय त्या रेघेच्या उतारावरून ॲल्युमिनियमचा वेग निघतो, तो सेकंदाला ६.३-६.४ किमीच्या जवळपास आला तर सगळी सिस्टिम ठीक आहे. महिन्यातून एकदा हे कराच, आणि केबल बदलली तर त्याच दिवशी.

दुसरं, कप्लिंग. दगड आणि ट्रान्सड्यूसरच्या मध्ये हवेचा पापुद्रा राहिला की लाट तिथूनच परत फिरते. पी-वेव्हला, म्हणजे पुढे-मागे दाबत जाणाऱ्या लाटेला, अल्ट्रासाऊंडची जेल चालते, मेडिकलमध्ये मिळते. एस-वेव्हला नाही चालत, कारण एस-वेव्ह आडवी घासते आणि पातळ द्रव आडवं ओढणं पुढे पोचवतच नाही. तिथे मध वापरतात, खरोखर मध, पण बाटलीतला नाही. मंद आचेवर आटवायचा, हलवत राहायचं, आणि घरी लाडवांचा पाक बघतात तसं दोन बोटांत घेऊन बघायचं, दोन तारी झाला की उतरवायचा. गार झाल्यावर नीट चिकटतो. एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की हाच मध पातळ होतो आणि एस-वेव्हचा सिग्नल हळूहळू मरतो, अशा वेळी मशीनला दोष देऊ नका. थर पातळ लावायचा, थेंबभरच, आणि प्रत्येक वेळी सारख्याच वजनाने दाबायचं. आणि कोरड्या दगडावर थेट जेल किंवा मध लावला तर तो छिद्रांत शिरतो, तोंडावर बारीक ॲल्युमिनियम फॉइल ठेवून त्यावर लावा, डेड टाइम मोजतानाही मध्ये तीच फॉइल.

तिसरं, पहिली लाट कुठे सुरू झाली ते ठरवणं. स्क्रीनवर सरळ रेघ असते, मग ती किंचित हलते, मग मोठा उंचवटा येतो. आपल्याला हलायला लागली ती जागा हवी, उंचवट्याचं टोक नको. सिग्नल कमजोर असेल तर सरासरी वाढवा, ६४ किंवा १२८ पल्सची, सिग्नलमधला गोंगाट (नॉइज) खाली बसतो आणि सुरुवात दिसायला लागते. एकदा ठरवा की मी अशी पद्धत वापरणार आणि शेवटपर्यंत तीच ठेवा, अर्ध्या प्लगना डोळ्याने आणि अर्ध्यांना सॉफ्टवेअरने असं करू नका.

चौथं, एस-वेव्ह ओळखणं, आणि इथे भलेभले फसतात. एस ट्रान्सड्यूसर थोडी पी-वेव्हही सोडतोच, ती आधी पोचते आणि तिच्या शेपटीत एस-वेव्हची सुरुवात बुडून जाते. यावर एक उपाय मला सगळ्यात आवडतो. दोन्ही एस ट्रान्सड्यूसरवर कंपनाच्या दिशेची खूण असते, त्या एका रेषेत ठेवून लाट सेव्ह करा. मग एक ट्रान्सड्यूसर ९० अंश फिरवा. जे जवळजवळ गायब झालं ती एस-वेव्ह, जे होतं तसंच राहिलं ती पी-वेव्हची शेपटी. पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी ती लाट मरताना बघितली तेव्हा मी बाकीच्यांना बोलावून बोलावून दाखवलं होतं. आपल्या प्लगला समजा खरा वेळ २३.८ मायक्रोसेकंद निघाला तर एसचा वेग २.१ किमी. पी आणि एसचं गुणोत्तर १.५९, कोरड्या वालुकाश्माला शोभेल असं.

एक गोष्ट आधी विचारात घ्या, लाटेची लांबी. १ मेगाहर्ट्झला ४ किमी वेग असेल तर तरंगलांबी ४ मिमी होते. दगडात दोन-तीन मिलिमीटरचे खडे असतील तर लाट त्यांच्यावर आपटून विखुरते आणि तुम्ही मोजता ते काहीतरी तिसरंच. तिथे ५०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून कमीचे ट्रान्सड्यूसर घ्या.

दाबाचं. टेबलावर मोजलेला वेग आणि जमिनीखालचा वेग यात मोठा फरक असतो, कारण वर आल्यावर दगडातल्या केसासारख्या भेगा उघडतात. साधारण धरायचं तर वरच्या दगडांचं वजन दर किलोमीटरला २२-२३ मेगापास्कल आणि छिद्रांतल्या पाण्याचा दाब १० च्या आसपास, म्हणजे सांगाड्यावर प्रत्यक्षात पडणारा दाब किलोमीटरमागे बाराएक मेगापास्कल. प्रेशर सेलमध्ये हळूहळू चढवत जा, ५, १०, १५, २० असे टप्पे, प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबून वेळ स्थिर झाला की वाचा. सुरुवातीला वेग झपकन वाढतो, भेगा मिटतात म्हणून, नंतर ग्राफ आडवा होतो. उतरतानाही सगळे टप्पे वाचा, उतरतीचे आकडे चढतीवर बसत नाहीत, काही भेगा मिटलेल्याच राहतात. म्हणूनच एकदा दाबलेला प्लग परत "ताजा" म्हणून वापरायचा नाही, त्याच्या पिशवीवर लाल खूण करा. आणि सेल चालू असताना त्याच्या झाकणासमोर तोंड आणून उभं राहायचं नाही, गॉगल लावा. माझी एकदा स्लीव्ह फाटली आणि हायड्रॉलिक तेल प्लगमध्ये गेलं, तीन आठवड्यांचा प्लग पाच मिनिटांत वाया, कारण मी जुनी स्लीव्ह "अजून एकदा चालेल" म्हणून चढवली होती. नवी स्लीव्ह प्लगपेक्षा स्वस्त असते.

आता आपला प्लग भिजवून काय होतं ते बघू, सगळी मेहनत याच्यासाठी असते. घनता आणि दोन वेगांवरून दोन मॉड्युलस, म्हणजे दगड किती ताठ आहे याचे आकडे, निघतात, शिअर आडवं ओढल्यावरचा आणि बल्क सगळीकडून दाबल्यावरचा. कोरडी घनता १२३.९ भागिले ५७.० म्हणजे २.१७, शिअर मॉड्युलस म्हणजे घनता गुणिले एस-वेगाचा वर्ग, ९.६ गिगापास्कल. बल्क मॉड्युलससाठी घनता गुणिले पी-वेगाचा वर्ग, त्यातून शिअरचे चार-तृतीयांश वजा, ११.४ गिगापास्कल. कोरड्या दगडावरून भिजलेल्याचा बल्क मॉड्युलस काढायला फ्रिट्झ गासमन यांनी १९५१ मध्ये जे समीकरण दिलं त्यात हे घाला, क्वार्ट्झचा बल्क मॉड्युलस ३७, पाण्याचा २.२५, पोरोसिटी ०.१८, तर भिजलेल्या दगडाचा बल्क मॉड्युलस साधारण १६.५ येतो. शिअर मॉड्युलस मात्र तसाच, कारण पाण्याला आडवं ओढलं तर ते विरोध करत नाही. भिजलेली घनता २.३५. परत वेग काढा, पी ३.३३ वरून ३.५३ वर गेला आणि एस २.१० वरून २.०२ वर उतरला. एक वाढला, एक कमी झाला, वजन वाढलं पण आडवा ताठरपणा वाढला नाही म्हणून. भिजवून तुमचे दोन्ही वेग वाढलेले दिसले तर आधी एसची सुरुवात परत तपासा.

पण मोजलेला ओला पी-वेग गासमनच्या उत्तरापेक्षा थोडा जास्त आला तर घाबरू नका, आकडा ओढून-ताणून बसवू तर अजिबात नका. गासमनने धरलंय की लाट जाताना छिद्रांतल्या पाण्याला इकडून तिकडे सरकून दाब सारखा करायला वेळ मिळतो. सिस्मिकच्या दहा-वीस-पन्नास हर्ट्झला मिळतो. आपल्या मेगाहर्ट्झला मिळत नाही, भेगेतलं पाणी तिथेच अडकतं आणि दगड जास्त ताठ वागतो. हा फरक हाच अभ्यासाचा विषय आहे, कितीतरी लोकांची पीएचडी त्यावर झालीये.

आणि अर्धवट भिजलेला दगड. समजा छिद्रांत ९५ टक्के पाणी आणि ५ टक्के गॅस, एकमेकांत छान मिसळलेले. गॅस इतका दबतो की मिश्रणाचा मॉड्युलस जवळजवळ गॅसचाच होतो, पी-वेग धाडकन खाली येतो. म्हणून सिस्मिकवर गॅसची खूण चमकली तरी गॅस थोडा आहे की भरपूर हे त्या एका खुणेवरून ठरत नाही, आणि लॅबमध्ये "भिजवलेला" म्हणून ठेवलेल्या प्लगमध्ये बुडबुडा राहिला असेल तर तुमचा आकडा ना कोरड्याचा ना ओल्याचा. वजन करून सॅच्युरेशन, म्हणजे छिद्रं किती भरलीत ते, टक्क्यांत लिहा, नुसतं "ओला" लिहू नका.

रेझिस्टिव्हिटी (दगड विजेला किती अडवतो) आणि पर्मिएबिलिटी (त्यातून द्रव किंवा गॅस किती सहज वाहतो) यांबद्दल इथे थोडक्यात. रेझिस्टिव्हिटीचं पोरोसिटी आणि छिद्रांतल्या पाण्याशी नातं सांगणारा आर्चीचा १९४२ चा नियम स्वच्छ वाळूच्या दगडाला बसतो, चिकणमाती आली की ती स्वतःच वीज वाहते आणि गणित बिघडतं. वापरायचं पाणी मिठाचं, त्याची स्वतःची रेझिस्टिव्हिटी त्याच दिवशी, त्याच तापमानाला मोजलेली. पर्मिएबिलिटी गॅसने मोजलीत तर कमी दाबाला ती खऱ्यापेक्षा जास्त दिसते, क्लिंकेनबर्गने १९४१ मध्ये दाखवलं तसं, म्हणून तीन-चार दाबांवर मोजून रेघ मागे ओढायची. क्रमही पाळा, आधी कोरडी मापं सगळी, मग गॅस, मग पाणी, दाबाचं शेवटी. उलटं गेलात तर परत येता येत नाही.

वही कागदाचीच ठेवा, एक्सेलमध्ये नंतर भरा. प्रत्येक फाइलच्या नावात प्लग नंबर, तारीख, दाब आणि कोरडा-ओला हे असू दे, "टेस्ट फायनल नवीन" असलं नाव नको. लाटेची मूळ फाइल कायम ठेवा, फक्त वाचलेला वेळ नाही, सहा महिन्यांनी गाइड विचारणारच की ही सुरुवात इथे का धरलीस.

प्लगचं काम झालं की मिठाचं पाणी वापरलं असेल तर आधी साध्या पाण्यात दोन-तीन दिवस पाणी बदलत ठेवून मीठ काढा (चिकणमातीचा दगड असेल तर हे करू नका), सुकवा, पिशवीत घाला. आणि कोअरिंग करताना प्लगच्या टोकाचा जो चकतीएवढा तुकडा उरतो तो फेकू नका, त्यावरही प्लगचाच नंबर घाला आणि निळं रेझिन भरून त्याची थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवलेली अगदी पातळ चकती, करून घ्या. मायक्रोस्कोपखाली छिद्रं निळी दिसतात, सांधे दिसतात, सांध्यांत सिमेंट आहे की नुसते कण एकमेकांना टेकलेत ते दिसतं, आणि दोन प्लगची पोरोसिटी सारखी असून वेग वेगळा का आला याचं उत्तर मला तरी बहुतेक वेळा त्या काचेवरच सापडलंय.